वैमानिकांची निवड आणि शिफारसपत्र : अमेरिकी विमानसेवांच्या अनुभवाचा अभ्यास

सारांश

अमेरिकेतील विमान कंपन्यांत वैमानिकाची निवड होताना परवाना, उड्डाण-तास व मुलाखत यांबरोबरच कंपनीत कार्यरत असलेल्या वैमानिकाची शिफारस विचारात घेण्याची जुनी प्रथा आहे. याच क्षेत्रात १९८७ ते २०१९ या काळात घडलेल्या काही अपघातांनंतर वैमानिकाच्या पूर्वकामगिरीची नोंद कायद्याने बंधनकारक करण्यात आली. प्रस्तुत लेखात शिफारस आणि नोंद या दोन आधारांचे परस्परसंबंध तपासले आहेत. नोंद जे सांगू शकत नाही ते प्रत्यक्ष पाहणाऱ्याने सांगणे हे शिफारशीचे योग्य कार्य होय. ती नोंदीची जागा घेऊ लागली, किंवा केवळ ओळखीच्या वर्तुळात फिरू लागली, की सुरक्षितता व समान संधी या दोहोंना बाधा येते, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : वैमानिक निवड, शिफारसपत्र, ज्येष्ठताक्रम, वैमानिक-नोंदी, समान संधी.

१. प्रस्तावना

मराठीत ‘शिफारस’ आणि ‘वशिला’ हे दोन शब्द शेजारी शेजारी नांदतात. कोशात त्यांचे अर्थ वेगळे असले, तरी व्यवहारात त्यांच्यातील सीमारेषा पुसट आहे. ‘कुणाची चिठ्ठी आहे का?’ हा प्रश्न नोकरीच्या शोधात असलेल्या तरुणाला आजही विचारला जातो. आपल्याकडील सार्वजनिक क्षेत्रातील भरतीच्या जाहिरातींत, निवडीसाठी कोणत्याही मार्गाने दडपण आणणारा उमेदवार अपात्र ठरविला जाईल, अशी अट असते. म्हणजे आपल्या व्यवस्थेने शिफारशीकडे प्रामुख्याने दोष म्हणून पाहिले आहे. दुसरीकडे विद्यार्थी परदेशी विद्यापीठासाठी अर्ज करतो, तेव्हा तोच अध्यापकाकडे शिफारसपत्र मागतो आणि ते देणे आपण कर्तव्य मानतो. एकच कृती एका दारात निषिद्ध आणि दुसऱ्या दारात आवश्यक ठरते, याचा उलगडा कसा करावयाचा?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी अमेरिकेतील वैमानिक-भरतीचे उदाहरण उपयुक्त आहे. याची कारणे दोन. एक, या व्यवसायात चुकीच्या निवडीची किंमत प्रवाशांच्या प्राणांनी मोजावी लागते. त्यामुळे निवडीच्या प्रत्येक साधनाची कठोर चिकित्सा झालेली आहे. दोन, या व्यवसायात शिफारस उघडपणे दिली व घेतली जाते. तिच्याविषयी संकोच नाही. म्हणून तिचे गुणदोष स्पष्टपणे पाहता येतात.

२. लेखाची उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

(१) अमेरिकी विमान कंपनीत वैमानिक म्हणून निवड होण्याची प्रक्रिया स्पष्ट करणे. (२) तीत शिफारशीला महत्त्व का आले, याची कारणे शोधणे. (३) शिफारस आणि अधिकृत नोंद यांच्यातील संबंध अपघातांच्या चौकशींच्या आधारे तपासणे. (४) शिफारशीचा समान संधीवर होणारा परिणाम पाहणे. (५) भारतीय संदर्भात व अध्यापकांच्या दृष्टीने निष्कर्ष मांडणे.

लेखाची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून तो प्रकाशित कायदे, चौकशीचे निष्कर्ष व निवडविषयक संशोधन या दुय्यम साधनांवर आधारलेला आहे.

३. निवडीची प्रक्रिया

अमेरिकेत प्रवासी विमानसेवेच्या कॉकपिटमध्ये बसण्यासाठी संघीय विमानवाहतूक प्रशासनाचा ‘एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट’ हा सर्वोच्च दर्जाचा परवाना लागतो. २०१३ पासून सहवैमानिकासाठीही तो आवश्यक झाला. त्यासाठी सर्वसाधारणपणे १,५०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव हवा. सैनिकी वैमानिकांना ७५० तासांवर, मान्यताप्राप्त चार वर्षांच्या विमानचालन पदवीधरांना १,००० तासांवर आणि दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांना १,२५० तासांवर मर्यादित स्वरूपात हा परवाना मिळू शकतो. नागरी मार्गाने आलेला उमेदवार प्रशिक्षक म्हणून काम करून हे तास जमवितो, नंतर लहान शहरांना जोडणाऱ्या प्रादेशिक विमानसेवेत रुजू होतो आणि काही वर्षांनी मोठ्या कंपनीकडे अर्ज करतो.

मोठ्या कंपनीची निवडप्रक्रिया साधारणतः पुढील टप्प्यांतून जाते : ऑनलाइन अर्ज, त्यातील तासांची व परवान्यांची छाननी, आकलनक्षमता व व्यक्तिमत्त्व यांच्या चाचण्या, तांत्रिक प्रश्न, मुलाखत, काही ठिकाणी सिम्युलेटरवरील परीक्षा, आणि शेवटी वैद्यकीय व पूर्ववृत्ताची तपासणी. यांतील सर्वांत अरुंद दार पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यांच्या मध्ये आहे. अर्ज हजारोंच्या संख्येने येतात. त्यांतील बहुतेक अर्जदार किमान पात्रता पूर्ण करतात आणि कागदावर एकसारखे दिसतात. कोणाला मुलाखतीस बोलवावयाचे, हा खरा प्रश्न असतो. शिफारस काम करते ती प्रामुख्याने याच ठिकाणी. कंपनीतील वैमानिकाने आपल्या नावानिशी दिलेले पत्र अर्जाला ढिगातून वर आणते. मात्र पुढच्या चाचण्या उमेदवाराला स्वतःच द्याव्या लागतात. सिम्युलेटरमध्ये कोणाचेही पत्र उपयोगी पडत नाही.

४. शिफारशीला महत्त्व का आले?

याचे पहिले कारण ज्येष्ठताक्रमात आहे. अमेरिकी विमान कंपन्यांत वैमानिकाचे जवळजवळ सर्व व्यावसायिक आयुष्य त्याच्या ज्येष्ठता क्रमांकाने ठरते. कोणत्या शहरातून उड्डाणे करावयाची, कोणते विमान चालवावयाचे, दिवाळीसारख्या सणाला घरी राहता येईल का, सहवैमानिकाचा कॅप्टन केव्हा होणार, हे सर्व रुजू होण्याच्या तारखेवर अवलंबून असते. मंदीत कपात करावयाची झाल्यास ती उलट्या क्रमाने, म्हणजे शेवटी आलेल्यापासून सुरू होते. ११ सप्टेंबर २००१ नंतर हजारो कनिष्ठ वैमानिकांना याच नियमाने घरी बसावे लागले. शिवाय हा क्रमांक दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. वीस वर्षांचा अनुभवी कॅप्टनही नव्या कंपनीत यादीच्या तळाशी बसतो. अशा व्यवस्थेत सहा महिने आधी मुलाखत मिळणे याचा लाभ निवृत्तीपर्यंत पुरतो. निवृत्तीचे वय २००७ च्या अखेरीस ६० वरून ६५ करण्यात आले, तेव्हा पुढील काही वर्षे वरच्या जागा रिकाम्या होईनात आणि खालच्यांची वाट लांबली, हा अनुभवही याच व्यवस्थेचा भाग आहे.

दुसरे कारण नोकऱ्यांच्या चढउतारात आहे. २००८ नंतरच्या मंदीत जागा थोड्या व उमेदवार फार होते. तेव्हा ओळखीचे मोल वाढले. २०२१ ते २०२३ या काळात साथीनंतरच्या मागणीमुळे मोठी भरती झाली. तेव्हा पात्र उमेदवाराला पत्रावाचूनही बोलावणे येऊ लागले. यावरून शिफारशीचे वजन हा तिचा अंगभूत गुण नाही, तर दाराच्या रुंदीवर ते अवलंबून असते, हे लक्षात येते.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे असून ते कामाच्या स्वरूपात आहे. २८ डिसेंबर १९७८ रोजी युनायटेड कंपनीचे १७३ क्रमांकाचे विमान पोर्टलंड शहराजवळ इंधन संपून कोसळले व दहा जण मृत्युमुखी पडले. चाकांच्या बिघाडाकडे लक्ष गुंतलेल्या कॅप्टनने इंधनाची स्थिती वेळेवर ध्यानात घेतली नाही, आणि सहकाऱ्यांनी दिलेला इशारा पुरेसा ठाम नव्हता. कॅप्टन अनुभवी होता. तासांची उणीव नव्हती. या व अशा अपघातांतून १९७९ मध्ये ‘नासा’ने भरविलेल्या कार्यशाळेत कॉकपिटमधील परस्परव्यवहाराचा विचार पुढे आला आणि १९८१ पासून युनायटेडने त्याचे नियमित प्रशिक्षण सुरू केले. कनिष्ठाचे ऐकून घेणारा, आपली चूक मान्य करणारा, दडपणाखाली आवाज न चढविणारा वैमानिक हवा, हे तेव्हापासून निवडीचे सूत्र झाले. हे गुण लॉगबुकात लिहिलेले नसतात. अनेक दिवस शेजारच्या आसनावर बसलेल्या माणसाला मात्र ते ठाऊक असतात. शिफारशीचे खरे समर्थन येथे आहे.

५. स्तुती आणि साक्ष : निवडविषयक संशोधनाचा आधार

परंतु शेजारी बसणाऱ्याला ठाऊक असलेले सर्वच पत्रात उतरते का? निवडविषयक संशोधन या बाबतीत सावध आहे. श्मिट व हंटर यांनी १९९८ मध्ये पंच्याऐंशी वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेऊन, निवडीची विविध साधने पुढील कामगिरीचे भाकीत कितपत करतात, हे गुणांकांत मांडले. त्यात प्रत्यक्ष कामाच्या नमुना-चाचणीचा गुणांक ०.५४, नियोजित प्रश्नांच्या मुलाखतीचा ०.५१, तर पूर्वीच्या मालकाकडील चौकशीचा ०.२६ होता. २०२२ मध्ये सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी या गणनेतील दुरुस्त्यांची फेरतपासणी केली. तेव्हा अनेक गुणांक खाली आले, परंतु नियोजित मुलाखत ०.४२ या गुणांकासह अग्रस्थानी राहिली. तात्पर्य, दुसऱ्याच्या सांगण्याला काही मोल आहे. पण उमेदवाराकडून काम करवून पाहणे, किंवा सर्वांना तेच प्रश्न विचारून ऐकणे, यांच्या तुलनेत ते थोडे आहे.

हे मोल थोडे का, याचे एक उत्तर वैमानिक निवडीच्याच इतिहासात सापडते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी हवाई दलातील मानसशास्त्रीय विभागाचे प्रमुख जॉन फ्लॅनगन होते. १९४१ मध्ये प्रशिक्षणातून काढून टाकलेल्या एक हजार उमेदवारांविषयी संबंधित मंडळांनी नोंदविलेली कारणे त्यांच्या विभागाने तपासली. अनेक ठिकाणी ‘उपजत कौशल्य नाही’, ‘स्वभाव योग्य नाही’, ‘प्रगती अपुरी’ अशा आशयाची ठोकळेबाज विधाने आढळली. त्यांवरून उमेदवाराने नेमके काय केले, हे समजण्यास मार्ग नव्हता. पुढे फ्लॅनगन यांनी साक्षीदाराला मत न विचारता घटना विचारण्याची पद्धत विकसित केली : प्रसंग कोणता होता, व्यक्तीने काय केले, परिणाम काय झाला. १९५४ मध्ये त्यांनी ती ‘निर्णायक प्रसंग पद्धती’ म्हणून मांडली. आज वैमानिकाच्या मुलाखतीत ‘सहकाऱ्याशी मतभेद झाला असा एखादा प्रसंग सांगा’ असे जे विचारले जाते, त्याचे नाते या विचारसरणीशी आहे.

हाच निकष शिफारसपत्राला लावता येतो. ‘अत्यंत मेहनती, प्रामाणिक व मनमिळाऊ’ ही स्तुती आहे. ‘मी यांच्यासमवेत दोन वर्षांत इतक्या फेऱ्या केल्या, धुक्यात उतरण्याचा माझा निर्णय त्यांना पटला नाही, त्यांनी तो स्पष्ट शब्दांत सांगितला आणि आम्ही दुसऱ्या विमानतळाकडे वळलो’ ही साक्ष आहे. पहिले वाक्य कोणाविषयीही लिहिता येते. दुसरे वाक्य लिहिणारा स्वतः तेथे हजर असावा लागतो, आणि त्यात उमेदवाराचे वागणे वाचणाऱ्याला स्वतः तोलता येते.

६. शिफारशीचे मौन आणि नोंदीचा कायदा

शिफारशीची सर्वांत मोठी मर्यादा अशी की, ती मागितली जाते ती अनुकूल माणसाकडे. प्रतिकूल माहिती असलेला माणूस पत्र लिहीत नाही. त्याचे मौन निवड करणाऱ्याला ऐकू येत नाही. अमेरिकेत या मौनाला कायदेशीर भीतीचीही जोड होती. माजी कर्मचाऱ्याविषयी वाईट लिहिले तर बदनामीचा दावा होईल, या धास्तीने कंपन्या केवळ रुजू होण्याची व सोडून जाण्याची तारीख कळवीत.

याचे परिणाम गंभीर झाले. १५ नोव्हेंबर १९८७ रोजी कॉन्टिनेन्टल कंपनीचे १७१३ क्रमांकाचे विमान डेन्व्हर येथे हिमवृष्टीत उड्डाण घेताना कोसळून २८ जण मृत्युमुखी पडले. विमान सहवैमानिकाच्या हाती होते, आणि आधीच्या नोकरीतील त्याच्या असमाधानकारक कामगिरीचा प्रश्न चौकशीत पुढे आला. १३ डिसेंबर १९९४ रोजी अमेरिकन ईगल कंपनीचे ३३७९ क्रमांकाचे विमान उत्तर कॅरोलिनातील रॅले-डरहॅम विमानतळाजवळ कोसळले. वीसपैकी पंधरा जण दगावले. एक इंजिन बंद पडले असा चुकीचा ग्रह कॅप्टनने करून घेतला व त्यानंतरची ठरलेली कार्यपद्धती पाळली नाही, असा निष्कर्ष राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने काढला. आधीच्या कंपनीत या कॅप्टनची कामगिरी असमाधानकारक ठरून त्याला राजीनामा द्यावा लागला होता. नव्या कंपनीला त्याची माहिती नव्हती. वैमानिकांच्या उणिवा ओळखणे, नोंदविणे व दूर करणे यांत कंपनीचे व्यवस्थापन कमी पडले, असेही मंडळाने म्हटले.

या अपघातांच्या पार्श्वभूमीवर १९९६ मध्ये ‘पायलट रेकॉर्ड्‌स इम्प्रूव्हमेंट अॅक्ट’ हा कायदा झाला. त्यानुसार नव्या वैमानिकाला सेवेत घेण्यापूर्वी त्याच्या मागील पाच वर्षांच्या मालकांकडून प्रशिक्षण, शिस्तभंग व सेवासमाप्ती यांच्या नोंदी मागविणे बंधनकारक झाले. नोंद पुरविणाऱ्या मालकाला दाव्यांपासून संरक्षण मिळाले. वैमानिकाला आपली नोंद पाहण्याचा व तीत दुरुस्ती सुचविण्याचा हक्क मिळाला. या दोन तरतुदी एकत्र वाचल्या पाहिजेत : सांगणाऱ्याची भीती दूर केली आणि ज्याच्याविषयी सांगावयाचे त्याला उत्तराची संधी दिली.

तरीही फटी राहिल्या. १२ फेब्रुवारी २००९ रोजी कोलगन एअरचे ३४०७ क्रमांकाचे विमान बफेलोजवळ कोसळून विमानातील ४९ व जमिनीवरील एक अशा ५० व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. या कॅप्टनने पूर्वी परवान्याच्या परीक्षांत आलेले अपयश अर्जात पूर्णपणे उघड केले नव्हते, आणि परीक्षांतील अपयशाची ती नोंद मिळविणे कंपनीवर बंधनकारक नव्हते. मृतांच्या कुटुंबीयांनी केलेल्या पाठपुराव्यानंतर २०१० मध्ये नवा कायदा झाला. वर उल्लेखिलेली १,५०० तासांची अट त्याच कायद्यातून आली, आणि सर्व वैमानिकांच्या नोंदींचे एक केंद्रीय भांडार उभारण्याचा आदेशही त्यातच होता. मात्र भांडाराची अंमलबजावणी रेंगाळली. २३ फेब्रुवारी २०१९ रोजी ॲटलस एअरचे ३५९१ क्रमांकाचे मालवाहू विमान टेक्सासमध्ये ट्रिनिटी उपसागरात कोसळून विमानातील तिघेही मरण पावले. सहवैमानिकाने आधीच्या कंपन्यांतील प्रशिक्षणातील अपयश लपविले होते, आणि नोंद-भांडार वेळेवर उभे न राहणे हाही या अपघाताशी जोडलेला दोष आहे, असे चौकशी मंडळाने नमूद केले. अखेर जून २०२१ मध्ये भांडाराचे नियम प्रसिद्ध झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याने १९९६ च्या जुन्या व्यवस्थेची जागा पूर्णपणे घेतली.

या क्रमातून एक गोष्ट स्पष्ट होते. नोंद ही संस्थेची स्मृती आहे. शिफारस ही व्यक्तीची. व्यक्तीची स्मृती सूक्ष्म असते, पण ती निवडक असते. संस्थेची स्मृती रुक्ष असते, पण तिला कोणाच्या मैत्रीची अडचण नसते. म्हणून नोंद आधी वाचावी आणि शिफारस नंतर, हा क्रम महत्त्वाचा ठरतो.

७. ओळखीचे वर्तुळ आणि समान संधी

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ च्या प्रसिद्ध निबंधात असे दाखविले की, नोकरीची बातमी माणसाला पुष्कळदा जिवलगांपेक्षा दूरच्या परिचितांकडून मिळते. कारण जिवलगांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही आधीच ठाऊक असते. परंतु दूरचा परिचितही कोणत्या तरी समान संस्थेतून, शाळेतून वा पलटणीतून लाभलेला असतो. ज्याला त्या संस्थेत प्रवेशच नव्हता, त्याचे काय?

अमेरिकी विमानसेवांतील वैमानिक युद्धोत्तर काळात मोठ्या प्रमाणावर सैन्यातून येत. अमेरिकी हवाई दलाने स्त्रियांना वैमानिक प्रशिक्षण १९७६ मध्ये खुले केले. तोपर्यंत ज्या तळांवर व तुकड्यांत शिफारस करणारे आणि शिफारस घेणारे भेटत, तेथे स्त्री वैमानिक म्हणून नव्हतीच. हेलन रिची यांना १९३४ मध्ये सेंट्रल एअरलाइन्सने सहवैमानिक म्हणून घेतले. परंतु पुरुष वैमानिकांच्या संघटनेने त्यांना सदस्यत्व नाकारले व पुढच्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली. त्यानंतर एमिली हॉवेल वॉर्नर यांची नेमणूक फ्रंटियर कंपनीत होण्यास १९७३ साल उजाडावे लागले.

कृष्णवर्णीयांचा अनुभवही असाच बोलका आहे. हवाई दलातील वैमानिक मार्लन ग्रीन यांनी १९५७ मध्ये कॉन्टिनेन्टल कंपनीकडे अर्ज करताना वंशाचा रकाना कोरा ठेवला व छायाचित्र जोडले नाही. उड्डाण परीक्षेसाठी त्यांना बोलावणे आले. त्यांच्याहून कमी अनुभवी श्वेत उमेदवार घेतले गेले आणि त्यांना मात्र नाकारण्यात आले. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल १९६३ मध्ये न्यायालयाने राज्याचा भेदभावविरोधी कायदा विमान कंपनीला लागू होतो, असा एकमताने निर्णय दिला. १९६५ मध्ये ग्रीन सेवेत रुजू झाले. त्यांच्याकडे नोंद होती, तास होते. शब्द टाकणारे कोणी आत नव्हते.

म्हणूनच अमेरिकेच्या समान रोजगार संधी आयोगाची भूमिका लक्षणीय आहे. कर्मचारीवर्ग प्रामुख्याने एकाच गटाचा असताना केवळ त्यांच्या तोंडी सांगण्यावरून भरती केली आणि परिणामी नवी माणसेही त्याच गटातून आली, तर कायद्याचा भंग होऊ शकतो, असे आयोग सांगतो. येथे कोणाचा हेतू वाईट असण्याची आवश्यकता नाही. ‘चार दिवसांच्या फेरीत हा माणूस सोबत आवडेल का?’ असा प्रश्न अमेरिकी वैमानिक शिफारस करताना स्वतःला विचारतात. प्रश्न निरागस आहे, पण आपल्यासारखा माणूस आपल्याला सहज आवडतो, ही मानवी प्रवृत्ती त्यात दडलेली आहे.

यावर दोन प्रकारचे उपाय झाले. वंचित गटांनी स्वतःची वर्तुळे उभी केली : १९७६ मध्ये कृष्णवर्णीय वैमानिकांची संघटना स्थापन झाली, तर १९७८ मध्ये एकवीस स्त्री वैमानिकांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय संघटना उभारली. नव्या उमेदवाराला मार्गदर्शक मिळवून देणे हे अशा संघटनांचे महत्त्वाचे कार्य राहिले. दुसरा उपाय कंपन्यांनी केला. अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या एन्व्हॉय, पीडमाँट व पीएसए या प्रादेशिक कंपन्यांतील वैमानिक ठरलेल्या करारानुसार ज्येष्ठतेने मूळ कंपनीत जातात. युनायटेडने २०१९ मध्ये ‘एव्हिएट’ हा कार्यक्रम सुरू केला. अशा मार्गांत व्यक्तीच्या शब्दाऐवजी संस्थेचा करार बोलतो, आणि नियम सर्वांना आगाऊ ठाऊक असतात.

८. भारतीय संदर्भ

भारतात व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण, नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या लेखी परीक्षा व प्रथम श्रेणीची वैद्यकीय पात्रता आवश्यक असते. महाराष्ट्रात बारामती, गोंदिया, धुळे येथे उड्डाण प्रशिक्षण चालते. परवाना हाती आल्यावर विमान कंपनीची लेखी परीक्षा, संगणकावरील क्षमता चाचण्या, मानसशास्त्रीय परीक्षण, मुलाखत व सिम्युलेटर असे टप्पे येतात. अमेरिकेप्रमाणे सहकारी वैमानिकाच्या पत्राला येथे औपचारिक स्थान दिसत नाही. दोनशे तासांच्या उमेदवाराला शेजारी बसून पाहिलेला विमान कंपनीतील वैमानिक मुळात असतोच कुठे? त्याला पाहिलेले असते ते त्याच्या प्रशिक्षकाने.

ही पोकळी वशिल्याच्या अफवांनी भरली जाते. प्रशिक्षणासाठी कुटुंबाने शेत वा घर गहाण ठेवलेले असते. अशा वेळी ‘आतून काम करून देतो’ म्हणणारा मध्यस्थ विश्वासार्ह वाटू लागतो. नोकरीसाठी आम्ही कोणाकडूनही पैसे घेत नाही, अशा सूचना विमान कंपन्यांना आपल्या संकेतस्थळांवर द्याव्या लागतात, यातच सर्व आले. नोंदीच्या विश्वासार्हतेचा प्रश्नही आपल्याला नवा नाही. जानेवारी २०११ मध्ये गोव्यात एका विमानाचे पुढचे चाक आधी टेकून सदोष अवतरण झाले. त्याच्या चौकशीतून बनावट गुणपत्रिकेच्या आधारे परवाना मिळविल्याचे प्रकरण उघड झाले. पाठोपाठ आणखी प्रकरणे बाहेर आली आणि परवान्यांची व्यापक तपासणी करावी लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये महासंचालनालयाने इलेक्ट्रॉनिक परवाना सुरू केला, ही या दिशेने स्वागतार्ह बाब होय. परंतु परवाना अस्सल आहे, एवढ्याने तो धारण करणाऱ्याची प्रशिक्षणातील वाटचाल कळत नाही. अमेरिकेने ती नोंद कायद्याने उभी करण्यासाठी किती मोठी किंमत मोजली, हे वर पाहिलेच.

९. अध्यापकांच्या दृष्टीने

वैमानिकाच्या शिफारशीचा हा विचार आपल्या टेबलापर्यंत येऊन पोहोचतो. विमानचालन प्रशिक्षणासाठी परदेशी जाणारा, किंवा अन्य कोणत्याही क्षेत्रात अर्ज करणारा विद्यार्थी आपल्याकडे पत्र मागतो, तेव्हा पुष्कळदा तयार मसुद्यात नाव बदलले जाते. त्यात विद्यार्थ्याचे नुकसान होत नाही, असे आपण समजतो. वस्तुतः नुकसान होते. ज्याच्याविषयी आपण खरोखर काही पाहिले आहे, त्याचे पत्र आणि ज्याचा चेहराही आठवत नाही त्याचे पत्र एकसारखे दिसू लागते. खोटी स्तुती कोणाचेही वाईट करीत नसली, तरी खऱ्या साक्षीचे मोल उतरविते. ग्रामीण भागातून आलेल्या, घरात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तर त्याच्या बाजूने बोलणारा सुशिक्षित माणूस अनेकदा अध्यापक हाच एकटा असतो. त्याची ओळख नसणे ही उणीव आपल्या नेमक्या शब्दांनी काही अंशी भरून निघू शकते. जे आपण पाहिले नाही ते लिहिण्यास नम्रपणे नकार देणे, हाही या कर्तव्याचाच भाग मानावा लागेल.

१०. निष्कर्ष

(१) अमेरिकी विमान कंपन्यांत शिफारस प्रामुख्याने मुलाखतीचे दार उघडते. चाचण्यांना ती पर्याय ठरत नाही. ज्येष्ठताक्रमामुळे हे दार केव्हा उघडले याला आयुष्यभराचे महत्त्व येते.

(२) कॉकपिटमधील वर्तन, संयम, ऐकून घेण्याची वृत्ती हे गुण नोंदीत सापडत नाहीत. प्रत्यक्ष सहकाऱ्याची प्रसंगनिष्ठ साक्ष त्यांच्यासाठी उपयुक्त आहे. सर्वसाधारण स्तुतीला निवडीत फारसे मोल नाही.

(३) शिफारस प्रतिकूल माहितीविषयी मौन बाळगते. १९९६, २०१० व २०२१ या वर्षांतील अमेरिकी कायदे व नियम हे या मौनावरील उत्तर होते. नोंद देणाऱ्याला संरक्षण आणि वैमानिकाला प्रत्युत्तराचा हक्क, ही त्यांची दोन अंगे अनुकरणीय आहेत.

(४) ओळखीवर चालणारी भरती हेतू शुद्ध असतानाही वर्तुळाबाहेरच्यांना वगळते. मार्गदर्शनाच्या संघटना व पूर्वघोषित नियमांचे संस्थात्मक मार्ग हे त्यावरील उपाय होत.

(५) भारतात प्रशिक्षणातील कामगिरीच्या विश्वसनीय नोंदी आणि प्रशिक्षकाची जबाबदार, नावानिशी दिलेली साक्ष यांना निवडीत स्थान मिळाल्यास वशिल्याच्या अफवांना वाव कमी राहील.

शिफारस आणि वशिला यांतील भेद ओळखण्याची कसोटी यातून मिळते. लिहिणाऱ्याने काय पाहिले, ते तो उघडपणे व स्वतःच्या नावाने सांगतो का, आणि त्याचे म्हणणे अन्य नोंदींशी ताडून पाहता येते का, या तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तर ती शिफारस होय. यांपैकी एकाचे उत्तर जरी लपवावे लागत असेल, तर तो वशिला समजावा. त्या विमानात बसणाऱ्या प्रवाशाला वैमानिक निवडण्याचा अधिकार नसतो; त्याच्या वतीने निवड करणाऱ्याने आणि शब्द देणाऱ्याने ही कसोटी पाळावी, एवढीच अपेक्षा तो बाळगू शकतो.